आधी गटार, मग घर

आगगाडीने किंवा एस. टी.ने एखाद्या मोठ्या शहरात शिरताना शहराच्या कडेच्या वस्त्या लागतात. तेथील घरांच्या छपरांकडे एकदा नीट लक्ष देऊन पाहा. एक घर पत्र्याचे असते, शेजारचे विटांचे असते. काही घरांवर स्लॅब पडलेला असतो आणि त्या स्लॅबच्या कोपऱ्यांतून लोखंडी सळया आकाशाकडे उभ्या राहिलेल्या दिसतात. बांधकाम अर्धवट टाकून दिले आहे, असे आपल्याला वाटते. पण तसे नसते. त्या सळया मुद्दामच ठेवलेल्या असतात.

काँक्रीटच्या जुन्या खांबावर नवा खांब उभा करावयाचा असेल, तर जुन्या खांबातील सळया नव्या खांबात बऱ्याच लांबपर्यंत शिरलेल्या असाव्या लागतात. ही लांबी साधारणपणे सळईच्या जाडीच्या 40 ते 50 पट असते. म्हणजे 12 मिलिमीटर जाडीच्या सळईला अर्धा मीटर किंवा त्याहून थोडी अधिक. आज सळया कापून टाकल्या, तर उद्या वरचा मजला खालच्या मजल्याशी नीट जोडता येणार नाही. छपरावरच्या त्या सळया म्हणजे त्या कुटुंबाचा एक बेत आहे: पैसे आले की वर एक खोली चढवायची.

आपल्या शहरांतील लाखो घरे अशी थोडीथोडी वाढत आली आहेत. ती कशी वाढतात, त्यांत कोणती कामे कुटुंबाला करता येतात आणि कोणती काही केल्या करता येत नाहीत, हे या लेखात आपण पाहू.

घर हप्त्याहप्त्याने का वाढते?

ठरावीक पगार असलेल्या माणसाला घरासाठी बँक कर्ज देते. बँक दोन गोष्टी पाहते: दरमहाचे उत्पन्न आणि जमिनीचा कागद. हमाल, भाजी विकणारी बाई, गवंड्याच्या हाताखालचा बिगारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी मावशी यांच्याजवळ बहुधा या दोन्ही गोष्टी नसतात. त्यांच्या हाती पैसा येतो तो तुकड्यातुकड्याने. कधी भिशी लागते, कधी दिवाळीला थोडी रक्कम मिळते, कधी गावाकडची शेळी विकली जाते. पैसा तुकड्यांनी येतो, म्हणून घरही तुकड्यांनी होते. यंदा विटा, पुढच्या वर्षी दार, त्यानंतर कधीतरी स्लॅब.

हे थोड्याथोडक्या लोकांचे काम नाही. 2011 च्या जनगणनेत भारतातील सुमारे साडेसहा कोटी लोक झोपडवस्त्यांत राहत असल्याचे आढळले. मुंबईत तर दर दहा कुटुंबांपैकी चार कुटुंबे अशा वस्तीत होती.

कुटुंबाने स्वतःच्या खटपटीने घर उभारण्याच्या या पद्धतीला ‘स्वसाहाय्य गृहनिर्माण’ म्हणतात. स्वसाहाय्य म्हणजे सगळ्या विटा स्वतःच रचल्या पाहिजेत, असे नव्हे. पुष्कळदा कुटुंब गवंडी लावते, सुतार लावते. पण काय बांधायचे, केव्हा बांधायचे, कोणता माल घ्यायचा, कोठे काटकसर करायची हे सारे ते कुटुंबच ठरवते.

या गोष्टीकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्यांत जॉन टर्नर या इंग्रज वास्तुशास्त्रज्ञाचे नाव प्रथम घ्यावे लागते. 1957 ते 1965 या काळात तो दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात काम करीत होता. त्या देशाची राजधानी लिमा हे शहर वाळवंटी किनाऱ्यावर आहे. खेड्यांतून आलेली माणसे शहराबाहेरच्या उजाड जमिनीवर वेताच्या चटयांच्या भिंती उभारून राहत. काही वर्षांनी चटईच्या जागी वीट येई, मग दुसरा मजला येई. सरकारी अधिकाऱ्यांना ही वस्ती म्हणजे शहराला जडलेला रोग वाटे. टर्नरला मात्र ती बांधकाम चालू असलेली वसाहत दिसली. घर हे केवळ नाम नाही, ते क्रियापदही आहे, असा त्याच्या विचाराचा सारांश सांगता येईल. घर ही तयार वस्तू म्हणून मोजण्यापेक्षा घर ‘करीत राहणे’ ही क्रिया पाहिली पाहिजे, असे तो मांडत असे.

मग सरकारने काही करायचे उरतच नाही का? उरते, आणि फार महत्त्वाचे उरते.

नंतर न जमणारी कामे

घराची कामे दोन गटांत विभागून पाहा. फरशी, गिलावा, रंग, खिडकी, जादा खोली, वरचा मजला ही कामे आज झाली नाहीत तरी पाच वर्षांनी होतात. पण जमिनीचा हक्क, रस्ता, पाण्याची मुख्य नळवाहिनी आणि सांडपाण्याची भुयारी गटारे या चार गोष्टी एकट्या कुटुंबाला करता येत नाहीत; आणि वस्ती दाटल्यावर त्या करणे कोणालाही अतिशय अवघड जाते. याचे कारण साध्या गणिताने समजते.

नळाचे पाणी दाबाखाली वाहते, म्हणून त्याची नळी चढावरूनही नेता येते. सांडपाणी मात्र आपल्या वजनानेच उतारावरून वाहते. त्याचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरपेक्षा कमी झाला, तर त्यातील गाळ तळाशी बसतो आणि नळी तुंबते. 15 सेंटिमीटर व्यासाच्या नळीला हा वेग मिळावा म्हणून साधारणपणे 100 मीटरला 1 मीटर एवढा उतार देतात.

आता 200 मीटर लांबीची एक गल्ली घ्या. जमीन सपाट आहे आणि गल्लीच्या वरच्या टोकाला नळी पाऊण मीटर खोल आहे. खालच्या टोकाला ती आणखी 2 मीटर खाली, म्हणजे जमिनीखाली पावणेतीन मीटर असेल. गल्ली मोकळी असताना एवढा खड्डा खणणे अवघड नाही. पण दोन्ही बाजूंनी घरे दाटून गल्ली दीड मीटर रुंद उरली असेल आणि त्या घरांचे पाये हात-दीड हातच खोल असतील, तर? त्यांच्याखाली पावणेतीन मीटरचा चर खणला, तर भिंतच चरात कोसळण्याची भीती. त्यातून गल्ली वेडीवाकडी असेल, तर प्रत्येक वळणावर चेंबर बांधावे लागते.

म्हणजे कामांचा क्रम उलटा झाला, की काम कित्येक पटींनी कठीण होते. शहाणपणाचा क्रम असा: जे नंतर करता येत नाही ते आधी, आणि ते शहराने करावे, जे नंतर करता येते ते कुटुंबावर सोपवावे. नियोजनकार या पद्धतीला ‘जमीन व सेवा’ योजना म्हणतात. जमिनीची आखणी करून, रस्ते, पाणी व गटारे घालून लहान लहान भूखंड द्यायचे आणि घर ज्याचे त्याने वाढवायचे.

इंदूरचे ‘अरण्य’

या पद्धतीचे एक नामांकित उदाहरण आपल्या शेजारीच, मध्य प्रदेशात आहे. होळकरांच्या इंदूर शहरात 1980 नंतरच्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने ‘अरण्य’ नावाची वसाहत वसवली. सुमारे 85 हेक्टर जमीन, सुमारे साडेसहा हजार भूखंड आणि साठ हजार माणसांची वस्ती असा तिचा आवाका होता. आराखडा 1983 साली वास्तुशिल्पा फाउंडेशन या संस्थेने केला. तिचे प्रमुख होते बाळकृष्ण दोशी. दोशींचा जन्म 1927 चा, पुण्याचा. 2018 साली त्यांना वास्तुकलेतील प्रित्झकर पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. 2023 साली त्यांचे निधन झाले. अरण्य वसाहतीला 1995 साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

अरण्यमधील सर्वांत लहान भूखंड सुमारे 35 चौरस मीटरचा, म्हणजे शाळेच्या एखाद्या वर्गखोलीहूनही लहान. बहुसंख्य भूखंड अशाच गरीब कुटुंबांसाठी होते. त्यांना भूखंडासोबत तयार जोते, नळ व संडास यांचा गाभा आणि एक खोली मिळण्याची सोय होती. बाकीचे घर त्यांनी ऐपतीप्रमाणे वाढवायचे. वीट, दगड, सिमेंट, जे परवडेल ते वापरायचे. सुरुवातीला थोडी रक्कम भरायची आणि उरलेले कर्ज दरमहा फेडायचे. घर कसे कसे वाढवता येईल हे लोकांना प्रत्यक्ष दिसावे म्हणून दोशींनी 80 नमुना घरे बांधून दाखवली होती. त्यांत एका खोलीच्या निवाऱ्यापासून ऐसपैस घरापर्यंत सर्व प्रकार होते.

वसाहतीच्या मधून बाजारपेठेचा कणा जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा विभाग आहेत. गरिबांचे भूखंड प्रत्येक विभागाच्या मध्यभागी आणि मोठे भूखंड कडेने, हमरस्त्यालगत. या मांडणीमागे हिशेब होता. कडेच्या मोठ्या भूखंडांना चांगली किंमत येते आणि त्या नफ्यातून लहान भूखंडांचा खर्च भागवता येतो. शिवाय सर्व थरांतील माणसे एकाच वसाहतीत राहतात, गरिबांचा वेगळा कोपरा होत नाही. सांडपाण्यासाठी दर वीस घरांच्या गटामागे एक सेप्टिक टँक ठेवली होती.

अरुंद भूखंडाचे गणित

भूखंडाचा आकार कसा असावा? हा प्रश्न तुम्हीच सोडवून पाहा. 35 चौरस मीटरचा भूखंड 7 मीटर रुंद व 5 मीटर खोल असू शकतो, किंवा 3.5 मीटर रुंद व 10 मीटर खोल असू शकतो. क्षेत्रफळ तेच. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास अशी शंभर घरे बसवा. पहिल्या आकारात रस्ता 50 × 7 म्हणजे 350 मीटर लांब होईल. दुसऱ्या आकारात तो 50 × 3.5 म्हणजे 175 मीटर पुरेल. रस्ता निम्मा, म्हणून नळवाहिनी निम्मी, गटार निम्मे, दिव्यांचे खांबही निम्मे. एका रेषेत असलेली शेजारची घरे मधली भिंत सामाईक बांधू शकतात. तो खर्चही वाचतो.

मग भूखंड आणखी अरुंद का करू नये? कारण दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असल्या, की उजेड व वारा फक्त पुढून व मागून येतो. घर फार लांबोळके झाले तर मधली खोली भरदिवसा काळोखी राहते. म्हणून अरण्यमध्ये घरामागे छोटे अंगण ठेवलेले आहे. नळ्यांचा खर्च आणि माणसाचा श्वास यांत मेळ घालावा लागतो.

सामाईक भिंतीची दुसरी बाजूही आहे. एकाने ती पाडायची ठरवली, तर दुसऱ्याची पंचाईत होते. नवी मुंबईत बेलापूर येथे चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी 1980 नंतरच्या दशकात वाढत्या घरांची वसाहत आखली. तेथे त्यांनी उलट निवड केली. सात घरे एका लहान चौकाभोवती मांडली, पण कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. त्यामुळे खर्च थोडा वाढतो, पण प्रत्येकाला शेजाऱ्याला न दुखवता घर वाढवता येते.

जोत्याचे महत्त्व

अरण्यमध्ये जोते तयार देण्याची सोय का ठेवली असावी, हे समजण्यासाठी भिंतीचे वजन काढून पाहू. 23 सेंटिमीटर जाड व 3 मीटर उंच अशी विटांची भिंत घ्या. तिच्या एका मीटर लांबीचे घनफळ 0.69 घनमीटर. विटांच्या बांधकामाचे वजन घनमीटरला सुमारे 1,900 किलोग्रॅम धरले, तर एका मीटर भिंतीचे वजन सुमारे 1,300 किलोग्रॅम भरते. वर पत्रे असतील तर पायावर साधारण एवढाच भार.

आता वर दुसरा मजला चढवा. भिंतीचे वजन दुप्पट होईल. 10 सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे 250 किलोग्रॅम असते. तीन मीटर रुंदीच्या खोलीचा निम्मा स्लॅब एका भिंतीवर येतो. असे दोन स्लॅब धरले तर पायावरचा भार मूळच्या सुमारे अडीच पट होतो. माणसे आणि सामान यांचे वजन वेगळेच. भार वाढला तर तो पेलण्यासाठी पायाही तेवढा रुंद हवा. भिंत मागाहून चढवता येते. पण वर घर उभे असताना खालचा पाया रुंद करणे हे फार खर्चाचे व धोक्याचे काम आहे.

माळव्याची माती तर काळी, आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरवरचा पाया तिच्याबरोबर खालीवर होतो आणि भिंतींना तडे जातात. अशा जमिनीत उद्याच्या मजल्याचा विचार करून आजच केलेला पाया ही कुटुंबाला मिळालेली मोठी ठेव असते.

काही दशकांनी काय दिसले?

मुंबईतही 1985 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने अशी योजना राबवली गेली. कांदिवलीजवळील चारकोप ही तिच्यातील एक वसाहत. पहिली काही वर्षे अशा वसाहतींत रिकामे भूखंड व अर्धवट भिंती दिसत. घरे लवकर भरत नाहीत, म्हणून योजना फसली असा निष्कर्ष निघाला आणि 1990 नंतरच्या दशकात जगभर या योजना मागे पडल्या. पण 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई व चेन्नई येथील या वसाहती वीस वर्षांनंतर पुन्हा पाहिल्या गेल्या. तेव्हा तेथे गजबजलेली, चांगली वस्ती उभी राहिलेली आढळली. आंब्याची कोय रुजवून दुसऱ्याच वर्षी फळे मोजावीत, तशी आधीची परीक्षा झाली होती.

आफ्रिकेतील टांझानिया देशात तर जणू एक प्रयोगच घडून आला. 1970 ते 1990 या काळात तेथील सात शहरांत काही जमीन आखून, रस्ते व पाणी देऊन भूखंड दिले गेले. शेजारची जमीन तशीच राहिली आणि तिच्यावरही हळूहळू वस्ती झाली. काही दशकांनी संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून आणि पाहणीवरून दोन्ही भागांची तुलना केली. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आखलेल्या भागातील घरे मोठी, सरळ ओळीत आणि पाणी-विजेच्या सोयी अधिक असलेली आढळली.

पण याच अभ्यासाने दुसरी गोष्टही दाखवली. आखलेल्या भागात आता राहणारी माणसे अधिक शिकलेली, बऱ्या स्थितीतील होती. म्हणजे जमीन चांगली झाली, की ऐपतदार माणसे तेथे येतात. बेलापूरची वसाहत कालांतराने बहुतांशी मध्यमवर्गीयांची झाली. अरण्यमध्येही अनेक मूळ भूखंडधारकांनी आपली जागा विकली. काहींनी नड होती म्हणून विकली, काहींना कामाची जागा दूर पडत होती. शहराच्या टोकाला जमीन स्वस्त असते, पण रोजचे बसभाडे आणि जाण्यायेण्यातील तीन तास हीही घराचीच किंमत आहे. ‘जमीन व सेवा’ योजना गरिबाला घर देते, परंतु ते घर त्याच्याजवळ टिकेल की नाही, हे कामधंदा, बस आणि कर्जाचा हप्ता यांवर ठरते. आखणी करताना हे विसरून चालत नाही.

आधीच वसलेल्या वस्तीचे काय?

नवी जमीन आखणे ठीक. पण कोट्यवधी माणसे आधीच गटाराशिवाय राहत आहेत; त्यांनी काय करायचे? याचे एक उत्तर कराचीतील ओरंगी या भल्यामोठ्या वस्तीने दिले. 1980 साली अख्तर हमीद खान यांनी तेथे काम सुरू केले. त्यांनी कामाची वाटणीच वेगळी केली. घरातील संडास, गल्लीतील भुयारी गटार आणि गल्ल्यांना जोडणारी मधली गटारे हा ‘आतला’ भाग. मोठी मुख्य गटारे आणि सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र हा ‘बाहेरचा’ भाग. आतला भाग लोकांनी आपल्या पैशाने व देखरेखीखाली करायचा, बाहेरचा सरकारने. गल्लीतील वीस-तीस घरे एकत्र येत, आपल्यांतून एक प्रमुख निवडत, वर्गणी काढत आणि नळी टाकत. संस्थेचे तंत्रज्ञ गल्लीचे मोजमाप घेऊन उतार काढून देत, अवजारे देत. पैसे मात्र देत नसत.

हे काम तेथे जमले, याला एक कारण होते. ओरंगीची जमीन दलालांनी बेकायदा विकलेली असली, तरी त्यांनी भूखंड रांगेत पाडले होते. गल्ल्या बऱ्याच सरळ होत्या. म्हणजे तेथेही आधीची आखणी उपयोगी पडलीच.

आता छपरावरच्या त्या सळयांकडे पुन्हा वळू. त्या उघड्या राहिल्या तर पावसाने गंजतात. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि भोवतालचे काँक्रीट फोडतो. म्हणून जाणते गवंडी त्यांवर सिमेंटचा पातळ थर चढवतात किंवा त्या कच्च्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवतात. वरचा मजला यायला दहा वर्षे लागली, तरी ते कुटुंब थांबायला तयार असते. रस्ता, पाणी आणि गटार यांचे काम मात्र तसे थांबून राहत नाही. आज मोकळ्या असलेल्या जमिनीवर उद्या भिंती उभ्या राहतात, आणि मग दीड मीटरच्या गल्लीत पावणेतीन मीटरचा चर कोणालाच खणता येत नाही.

करून पाहा

तुमच्या शहराच्या किंवा गावाच्या कडेला नुकतीच वाढू लागलेली एखादी वस्ती शिक्षकांबरोबर जाऊन पाहा. एका गल्लीची लांबी-रुंदी दोरीने मोजा. सांडपाणी कोणत्या दिशेने वाहते ते पाहा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पाणसळ लावतात, तशी लावून गल्लीच्या दोन टोकांच्या उंचीतील फरक काढा. मग 100 मीटरला 1 मीटर या हिशेबाने गटाराची नळी खालच्या टोकाला किती खोल जाईल ते कागदावर मांडा. जमीन त्याच दिशेने उतरती असेल, तर खोली कमी भरेल. शेवटी घरमालकांना विचारा: घराचा कोणता भाग कोणत्या वर्षी बांधला? आलेली उत्तरे एका तक्त्यात लिहा. त्या वस्तीचा इतिहास तुमच्या हाती येईल, आणि गटारासाठी अजून किती वेळ उरला आहे, हेही त्यातून समजेल.